सरळ रस्त्याची गाडी

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी ही वही दिली. रोज काय वाटतं ते लिहा म्हणाल्या. काही वाटत नाही. म्हणून काय झालं ते लिहितो.

रविवारी, आठ तारखेला, आम्हाला मुलगी झाली. नववा महिना होता. पोटातच गेली होती. कारण सापडलं नाही. कुणाचीच चूक नाही असं डॉक्टर तीनदा म्हणाले. ऑपरेशन करावं लागलं, रक्त खूप गेलं, ही दीड दिवस शुद्धीवर नव्हती. शनिवारी घरी आलो. सासूबाई आल्या आहेत.

हे घर आम्ही डिसेंबरात भाड्याने घेतलं, एक खोली जास्तीची हवी म्हणून. त्या खोलीचं दार मी ओढून घेतलंय. सासूबाईंनी त्यांची पिशवी ठेवायला उघडलं होतं, मी पुन्हा ओढलं. त्या बाहेर सोफ्यावर झोपतात.

उद्यापासून कामावर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर बरं वाटतं असं लिहिणार होतो. बरं वाटत नाही, पण हात चालतात. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत माझं काम. काचेची कड फ्रेमच्या मापाने घासायची, बसवायची, पुसून डबीत घालायची. घासायच्या यंत्रावर पाणी सारखं वाहत असतं, त्या आवाजात कुणी बोलायला येत नाही.

आज एका गिऱ्हाइकाच्या डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल केली. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो माणूस चष्मा घालून दुकानाच्या पायरीवर गेला आणि तिथेच थांबला. "अहो, जमीन वर येतेय," म्हणाला. मालकीणबाईंनी चष्मा माझ्यासमोर ठेवला. "आणखी चार दिवस रजा घे," म्हणाल्या. नको म्हटलं.

सासूबाईंनी कोबीचे दोन मोठे गड्डे आणले. भाजी मात्र दुसरीच झाली. ही दिवसातून तीनतीनदा गाऊन बदलते आणि स्वतःच धुते. टाके ओले आहेत, बादली उचलू नकोस म्हटलं. "बरं," म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे झाले.

सकाळी बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जातंय म्हणून सांगायला उठलो, तर सासूबाईंनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मग पायात चपला घालून बाहेर पडलो.

घरामागच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड आहे. दार अर्धं उघडं होतं. आत एक गाडी होती. अशी गाडी मी कधी पाहिली नव्हती. लांबच लांब, रुंद, खांद्यापाशी फुगलेली. रंग खरवडून काढलेला, त्यामुळे सगळी राखाडी. समोर दिवेच नाहीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती काळी जाळी. तोंड मिटून बसलेल्या माणसासारखी. बॉनेट उघडं होतं आणि आत एक म्हातारा माणूस कमरेपर्यंत वाकला होता.

मी त्याच्या डाव्या हाताला दोन-तीन मिनिटं तरी उभा असेन. त्याला पत्ताच नाही, इतका कामात गढलेला. मी खाकरलो तर दचकला आणि डोकं बॉनेटला आपटलं.

"दिवे कुठे आहेत?" मी विचारलं. दोन आठवड्यांत मी आपणहून कुणाला काही विचारलं ते बहुधा हेच.

"आत," तो म्हणाला. "झाकणं आहेत. बटण दाबलं की उघडतात. म्हणजे उघडायची. आता नळ्या सडल्यात. तो दहा-अकराचा पान्हा दे बघू. तिकडे नाही, भिंतीवर, तिसऱ्या खिळ्याला."

मी पान्हा दिला. घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हाताला ग्रीस होतं. सासूबाई म्हणाल्या, "जेवून घ्या. तिनं नाही खाल्लं."

१ मार्च, रविवार

म्हाताऱ्याला सगळे फोरमनकाका म्हणतात. बस डेपोत तीस वर्षं काढली, शेवटी फोरमन होते. बायको नाही, मुलगी परगावी. गाडी १९६८ सालची डॉज चार्जर. कुणी परदेशी इंजिनिअर इथलं काम संपल्यावर सोडून गेला, ती वीस वर्षं एका गोदामामागे पडून होती. काकांनी निवृत्त झाल्यावर भंगारातून उचलली.

आज त्यांनी मला सगळं समजावलं. म्हणाले, "साठच्या दशकात तिकडच्या कंपन्यांच्या डोक्यात किडा शिरला. मोठ्या गाडीचं इंजिन काढायचं आणि मधल्या आकाराच्या गाडीत कोंबायचं. आठ सिलिंडर. हे सहा पूर्णांक तीन लिटरचं आहे. आपल्या साध्या गाडीचं एक-सव्वा असतं. पंचविशीतल्या पोराला झेपेल अशी किंमत. सिग्नल सुटला की पुढचा सिग्नल येईपर्यंत तो राजा."

"आणि वळणावर?"

"वळणावर डोळे मिटायचे. वळायला येत नाही, थांबायला येत नाही. सुटायला तेवढं येतं. मसल कार म्हणतात. दंडात बळ, डोक्यात हवा. सरळ रस्त्याची गाडी आहे ही."

मला हे फार आवडलं. का ते माहीत नाही.

सासूबाई आज गेल्या. जाताना दारात थांबल्या. "जावईबापू, संध्याकाळी लवकर घरी येत जा," म्हणाल्या. हो म्हटलं. मी तसा साडेपाचलाच सुटतो. शेडवर जाऊन साडेसातपर्यंत घरी असतो.

५ मार्च, गुरुवार

सिलिंडर पेटण्याचा क्रम: एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. पाठ झाला.

१५ मार्च, रविवार

व्हॉल्व घासायला बसलो. व्हॉल्व म्हणजे इंजिनचं तोंड उघडझाक करणारी झाकणं. पेस्ट लावून, हाताने इकडून तिकडे फिरवत, बैठकीवर राखाडी गोल एकसारखा येईपर्यंत घासायचं. काचेची कड घासण्यासारखंच. सोळा आहेत. काका म्हणाले, "अरे चष्मेवाल्या, तुझा हात सोन्याचा आहे. मला हे आता जमत नाही, बोटं जाड झालीत."

त्यांच्या काही सवयी गमतीच्या आहेत. प्रत्येक हत्याराला भिंतीवर खिळा ठरलेला. जागेवर नसलं की आरडाओरडा. बाजूने काही दिलं तर घेत नाहीत. "समोर धर, समोर!" हातात दिलं तरच घेतात. डेपोची शिस्त असणार. नडगीवर मात्र कायम एखादा ओरखडा असतो, कारण स्टूल मी कुठेही ठेवतो आणि ते चालतात ढांगा टाकत.

रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं. साठच्या दशकातल्या बाकीच्या गाड्यांचंही सांगितलं. पॉन्टिअक जीटीओ, शेव्हेल, मस्टँग. कुठलीचं काय वेगळं. ही ऐकत होती. ताटात बोट फिरवत होती. मी म्हटलं, "तुला कंटाळा येतोय का?" ती म्हणाली, "नाही. बोल. तू निदान काहीतरी बोलतोयस."

ही बरीच सावरली आहे असं वाटतं.

२९ मार्च, रविवार

इंजिनची डोकी, म्हणजे सिलिंडरवरची जड झाकणं, बसवली. नट आवळायचा क्रम असतो, मधून बाहेरच्या बाजूला. काका पुस्तकात बघून नंबर सांगत होते. पुस्तक नाकाला लावतात आणि ओळीवरून डोकं फिरवतात, डोळे फिरवत नाहीत.

शेडमध्ये ग्रीस आणि धूळ फार. काका सकाळ-संध्याकाळ एका छोट्या बाटलीतले थेंब डोळ्यांत घालतात. मलाही एक-दोनदा चुरचुरलं. म्हटलं मलाही द्या, तर बाटली पटकन खिशात टाकली. म्हातारी माणसं अशा गोष्टींत चिकट असतात.

हिने उद्यापासून कामावर जायचं ठरवलं. ही औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. बरं झालं. मन रमेल.

१२ एप्रिल, रविवार

आज कार्बोरेटर खोलला. चार तोंडांचा आहे, त्यातून इंजिनमध्ये हवा-पेट्रोल जातं. नेहमी दोनच तोंडं चालतात. पाय पूर्ण दाबला की मागची दोन उघडतात आणि मग गाडी उधळते. आत बारीक पितळी जेट आहेत, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. एकेक साफ केलं आणि माझ्या कामाच्या भिंगातून पाहिलं.

जेवण झाल्यावर ही भांडी घासत होती, मी पुसत होतो. पाठमोरीच म्हणाली, "तू तिला पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "कुणाला?"

ती थांबली. नळ बंद केला.

"हो," मी म्हटलं. "पाहिलं."

"हातात घेतलंस?"

"हो."

"कशी होती?"

मी म्हटलं, "छान होती."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मला अजून काही बोलायचं होतं, तोंड उघडलं होतं. मग मी तिला कार्बोरेटरच्या मागच्या दोन तोंडांचं सांगितलं. त्यांना उघडायला वेगळी तार नसते, हवेच्या ओढीने ती आपोआप उघडतात, हे खरंच कमालीचं आहे. ती हात पुसून आत गेली. ग्लास मीच घासले.

१४ एप्रिल, मंगळवार

दुकानात आज बावीस चष्मे. चूक नाही.

२५ एप्रिल, शनिवार

ही तिच्या आईकडे गेली. चार दिवस म्हणाली. बॅग मोठी होती.

काय झालं ते लिहितो. सकाळी मी टेबलावर कागद पसरून चार्जरच्या वायरिंगचं चित्र काढत होतो. रंगीत पेन्सिली घेऊन. ही समोर येऊन बसली. मग म्हणाली, "त्या गाडीत वायरी किती आहेत?"

मी खूश झालो. इंजिनकडच्या मोजून सांगितल्या. कुठली कुठल्या रंगाची तेही.

"व्हॉल्व किती?"

"सोळा."

"तिच्या एका स्क्रूचंसुद्धा तू अर्धा तास सांगशील," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आणि माझ्या मुलीचं तू मला एका शब्दात सांगितलंस. छान. अरे, छान काय, हवा छान असते, पडदा छान असतो. तुझ्याशिवाय तिला कुणी पाहिलेलं नाही. एका माणसाने नाही. मी बेशुद्ध होते, आई गाडीत होती, येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुझ्याकडेच आहे ती. आणि तू देत नाहीस."

पेन्सिल हातात होती. हिरवी.

"मला दूध येत होतं," ती म्हणाली. "अकरा दिवस. छाती दगडासारखी. आई कोबीची पानं बांधायची, थंड. गाऊन भिजायचे. तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

ती उठली आणि बॅग भरली. मी ती रिक्षापर्यंत उचलून नेली.

२६ एप्रिल, रविवार

मागची पानं उलटून पाहिली. एकोणीस फेब्रुवारीला मी कोबी लिहिलाय. गाऊनही लिहिलाय. सगळं लिहिलंय.

शेडवर गेलो नाही. बसून राहिलो. दुपारी फोरमनकाका स्वतः आले, भिंतीला हात लावत लावत. "चष्मेवाल्या, आजारी आहेस का?" म्हणाले. मी म्हटलं, बायको गेली. ते माझ्या सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझीपण एकदा गेली होती. तीन महिने. मी रोज ओव्हरटाइम करायचो. मला वाटायचं, मी घरासाठी राबतोय, हिला कळत कसं नाही."

"मग?"

"मग काय. आणायला गेलो. दारात उभा राहिलो तर बोलायला एक वाक्य सापडेना. तिनंच विचारलं, जेवलास का." ते उठले. "तुझं माझ्यासारखं करू नकोस. वाक्य घेऊन जा."

३ मे, रविवार

चार दिवसांचे आठ झाले. हिला रोज फोन करतो. जेवलीस का, औषध घेतलंस का. ती उत्तरं देते.

वाक्य सापडत नाही. प्रयत्न करतो. कामावर काच घासताना प्रयत्न केला. डोळ्यांसमोर येतं तोपर्यंत ठीक, मग यंत्राचं पाणीच दिसायला लागतं.

गाडीला पेट्रोलची टाकी, नवे पाइप, बॅटरी. ब्रेक बसवले. सगळ्या वायरी मीच जोडल्या. लाल कुठली, तपकिरी कुठली ते काका मलाच विचारतात. म्हणाले, "आता तूच बघ, तूच कर. मी फक्त ऐकतो."

१० मे, रविवार

चालू झाली.

सकाळी साडेनऊला. पहिल्या खेपेला नुसती खोकली. दुसऱ्यांदा मागून मोठा बार झाला, धूर. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डबा, जरा फिरवला. काका कान इंजिनकडे करून उभे. "अजून. अजून. बस." तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि पेटली.

हा आवाज कसा लिहायचा. कानाने ऐकू येतो त्याआधी छातीत येतो. पत्रे थरथरत होते, खिळ्यांवरची हत्यारं एकमेकांवर वाजत होती. आठही सिलिंडर. काका स्टुलावर बसले आणि त्यांनी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

मी हिला फोन लावला. तिने उचलल्यावर काही न बोलता फोन इंजिनसमोर धरला. बराच वेळ. मग कानाला लावला.

"हे ऐकवायला फोन केलास?" ती म्हणाली.

"हो."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

ती मग म्हणाली, "तू रडतोयस."

मी गालाला हात लावला. ओला होता. शेडमध्ये धूर फार झाला होता, दार नीट उघडलं नव्हतं.

"उद्या मी येते," ती म्हणाली.

११ मे, सोमवार

ही संध्याकाळी आली. थेट शेडवर आली, तिथे यायची ही पहिलीच वेळ. काकांना म्हणाली, "नमस्कार काका, मी याची बायको." बाजूने म्हणाली. काका भलतीकडेच वळले आणि मग सगळं अंग फिरवून तिला शोधलं.

तिने पाहिलं. शेल्फवरची बाटली उचलली, लेबल वाचलं, खाली ठेवली. स्टूल पायाने भिंतीकडे सरकवलं. अख्खी पाच मिनिटं झाली नसतील.

"काका, हे काचबिंदूचे थेंब आहेत," ती म्हणाली. "डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत?"

काकांनी बाटली चाचपून खिशात घातली. मग म्हणाले, "वर्ष झालं. दीड असेल."

"का नाही गेलात?"

"म्हणाले, गाडी चालवायची नाही आता. कडेचं सगळं गेलंय. समोरचं आहे, नळीतून बघितल्यासारखं. पुन्हा गेलो तर तेही कमी झालंय म्हणतील." त्यांनी गाडीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला एकदा रस्त्यावर ऐकायचं होतं. एकट्याने झालं नसतं. हा पोरगा आला. मी याला सांगितलं नाही, माझंच चुकलं."

दिवसभर मी लोकांचे चष्मे बनवतो. समोर धर, समोर. नडगीचे ओरखडे. थेंब. अडीच महिने या माणसाच्या हाताशी हात लावून काम केलं.

घरी येताना मी हिला म्हटलं, "मला दिसलंच नाही."

ती म्हणाली, "दिसलं असेल. तू लिहूनही ठेवलं असशील." ही वही ती कधी वाचत नाही. पण मला ओळखते.

काकांची उद्याची वेळ घेतली आहे, मालकीणबाईंच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी नेणार.

१२ मे, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, आहे ते टिकवता येईल. थेंब बदलले. एक छोटं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात. काका परतताना एवढंच म्हणाले, "मग रविवारी काढायची का गाडी?"

ही आहे. बॅग अजून भरलेलीच आहे, पलंगाशेजारी.

१७ मे, रविवार

सकाळी सात वाजता गाडी बाहेर काढली. काका मागे बसले, हट्टाने. "पुढे तुझी बायको," म्हणाले. गावाबाहेर कालव्याच्या कडेने रस्ता आहे, अकरा किलोमीटर, बाणासारखा. काकांचा तो पाठ आहे, डेपोत असताना दुरुस्त केलेल्या बस इथेच पळवून बघायचे.

रंग अजून दिलेला नाही. सायकलवाले थांबून बघत होते. खिडक्यांच्या रबरी पट्ट्या बसवायच्या राहिल्यात, त्यामुळे आवाज सगळा आत. मी हळू चालवत होतो. काका मागून ओरडले, "अरे, ही काय शाळेची बस आहे का? दाब!"

दाबला. मागची दोन तोंडं उघडली. पाठ सीटला चिकटली, पुढचं टोक उचललं गेलं. हिने दाराची कडी धरली. आणि मी म्हटलं, "केस होते."

"काय?" ती ओरडली.

"केस होते तिला!"

"ऐकू येत नाहीये! मोठ्याने बोल!"

"केस होते! भरपूर! काळे! ओले होते, कपाळावर चिकटलेले!"

ती माझ्याकडे वळून बसली. मी रस्त्याकडे बघत होतो, बघायलाच हवं होतं.

"अजून!" ती म्हणाली.

"कान तुझे होते! पाळी अशीच, चिकटलेली! नखं वाढलेली होती! डोळे मिटलेले, पापण्यांना केस होते, बारीक! खालचा ओठ दुमडलेला!"

"कशी दिसत होती?"

"रागावल्यासारखी! कुणीतरी झोपमोड केल्यासारखी! तू सकाळी दिसतेस तशी!"

ती हसली की काय झालं ते मला आवाजात कळलं नाही.

"जड होती?"

"हो! मला वाटलं होतं हलकी असेल! जड होती! कोपरात दुखायला लागलं!"

"किती वेळ घेतलंस?"

"नर्सबाई परत येईपर्यंत! अर्धा तास असेल!"

"काय केलंस अर्धा तास?"

"खिडकीशी नेलं तिला! म्हटलं, बघ, बाहेर काय काय आहे! बाहेर नुसतं पार्किंग होतं! मग तिला गाड्या दाखवल्या! एकेक! ही लाल, ही पांढरी, ही मोठी, हिचा आरसा तुटलाय! सगळ्या दाखवल्या! शेवटच्या रांगेपर्यंत!"

मग मला पुढचं दिसेना. मागून काकांचा हात माझ्या खांद्यावर आला. "पाय उचल," ते म्हणाले. "पुढे पुलाचं वळण आहे. हळू. कडेला घे. असा."

थांबलो. किल्ली फिरवली. एवढी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं. हिने माझं डोकं ओढून स्वतःच्या छातीशी धरलं. टाक्यांना लागेल म्हणून मी अंग आखडलं, तर म्हणाली, "ते कधीच भरले रे." मी किती वेळ रडलो माहीत नाही. काका मागे नाक शिंकरत होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "नाव ठरवलं होतंत?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. हिने नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी. सातव्या महिन्यापासून ती तिच्याशी त्या नावाने बोलत होती, मी कामावर गेल्यावर.

परत येताना ही चालवत होती. मी तिला मागची दोन तोंडं उघडायची नाहीत म्हणून बजावलं. तिने ऐकलं नाही.

१८ मे, सोमवार

सकाळी ही म्हणाली, "ते सगळं लिहून दे मला."

मी म्हटलं, "मी विसरणार नाही."

"तू नाही. मी विसरेन. मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय, आणि तेही त्या आवाजात. अर्धं कळलंच नाही."

दुकानातून येताना एक नवी वही घेतली. शेडवर गेलो नाही, काकांना सांगून टाकलं. आता ही समोर बसली आहे, हनुवटी हातावर टेकून. पहिल्या पानावर वर नाव लिहिलं. ते इथे लिहीत नाही, ते त्या वहीतलं आहे. तिने वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाली, "हं. आता केसांपासून सुरू कर. सावकाश सांग."